पूर्वाश्रमीचे चालक, आजचे पंच : फॉर्म्युला वनमधील न्यायदान-व्यवस्थेची चिकित्सा

गोषवारा :

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींमध्ये नियमभंगाचा निवाडा करणाऱ्या स्ट्युअर्ड मंडळावर २०१० पासून एका माजी शर्यतचालकाची नियुक्ती केली जाऊ लागली. खेळ आतून जाणणारा माणूस न्यायासनावर असावा, ही त्यामागील भूमिका होय. प्रस्तुत लेखात मोनॅको (२०१०), हंगेरी (२०१०) व कॅनडा (२०१९) येथील निवाडे आणि २०२५ मधील दोन शिस्तविषयक प्रसंग यांच्या आधारे या व्यवस्थेची चिकित्सा केली आहे. माजी चालकाचे ज्ञान निवाड्यासाठी आवश्यक आहे; तथापि ते ज्ञान लेखी कारणमीमांसेत उतरत नाही तोवर ते न्यायाचा पुरेसा आधार ठरत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्ट्युअर्ड मंडळ, माजी चालक, निःपक्षपातीपणा, अनुभव, कारणमीमांसा.

१. प्रस्तावना :

‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ ही म्हण मराठी माणूस बहुधा दुसऱ्याच्या दुःखाविषयी वापरतो. परंतु तिच्यात ज्ञानाविषयीचा एक सिद्धान्तही दडलेला आहे. काही गोष्टी बाहेरून पाहून कळत नाहीत, त्या भोगूनच कळतात, असे ती सांगते. याउलट न्यायशास्त्राचा जुना दंडक असा की, ज्याचा प्रकरणाशी संबंध आहे त्याने निवाड्याला बसू नये. पहिले तत्त्व न्यायाधीशाकडून जवळिकीची अपेक्षा करते, तर दुसरे अंतराची. व्यावसायिक खेळांमध्ये निवृत्त खेळाडूंना पंचाचे काम देण्याची प्रथा या दोन तत्त्वांच्या सीमारेषेवर उभी आहे. फॉर्म्युला वनमध्ये हा पेच विशेष तीव्र होतो. कारण तेथे निर्णय चुकला तर केवळ विजेतेपदाचा प्रश्न उभा राहत नाही, पुढच्या शर्यतीत कोणी किती धोका पत्करावा याचा मापदंडही त्या निर्णयाने ठरतो.

२. व्यवस्थेचे स्वरूप व पार्श्वभूमी :

फॉर्म्युला वनचे नियमन एफआयए ही आंतरराष्ट्रीय संघटना करते. शर्यत चालविण्याची जबाबदारी रेस डायरेक्टरकडे असते. चालकाने नियम मोडला किंवा काय, आणि मोडला असल्यास दंड कोणता, हे मात्र स्वतंत्र स्ट्युअर्ड मंडळ ठरविते. एकाने प्रकरण पुढे पाठवायचे आणि दुसऱ्याने त्याचा निकाल द्यायचा, अशी ही विभागणी आहे. सामान्य प्रेक्षक या दोन भूमिकांची अनेकदा गल्लत करतो. परंतु चिकित्सेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

२०१० पूर्वी या मंडळात चालकाचा अनुभव असलेल्या व्यक्तीसाठी राखीव स्थान नव्हते. मंडळातील सदस्यांना नियमपुस्तक ठाऊक असे. मात्र ओल्या रस्त्यावर, समोरच्या गाडीने उडविलेल्या पाण्यात, ब्रेक नेमका कोठे दाबावा लागतो याची प्रत्यक्ष जाणीव त्यांना असेलच असे नव्हते. २००८ च्या बेल्जियम शर्यतीत लुईस हॅमिल्टन यांनी वळण कापून फायदा मिळविल्याचे ठरवून त्यांच्या वेळेत २५ सेकंद वाढविण्यात आले आणि विजय फेलिपे मासा यांच्याकडे गेला. अपिलाची सुनावणी झाली. पण अशा स्वरूपाच्या दंडाविरुद्ध अपील करता येत नाही, या तांत्रिक मुद्द्यावर ते फेटाळले गेले. विजेता बदलला, परंतु मूळ प्रश्नाचा गुणवत्तेवर फेरविचार झालाच नाही. अशा प्रकरणांमुळे मंडळाच्या जाणकारीविषयी शंका वाढत गेली.

ऑक्टोबर २००९ मध्ये जाँ टॉड एफआयएचे अध्यक्ष झाले आणि २०१० च्या हंगामापासून मंडळात माजी चालकाची भर पडली. बहरीन येथील पहिल्याच शर्यतीला चार वेळचे जगज्जेते अॅलन प्रॉस्ट हे चालक-पंच म्हणून उपस्थित होते. पुढे डेमन हिल, नायजेल मॅन्सेल, एमर्सन फिटिपाल्डी, डेरेक वॉरिक, जॉनी हर्बर्ट, एमान्युएले पिरो, मिका सालो अशी नावे या कामाशी जोडली गेली. त्यांपैकी काही जगज्जेते होते, तर वॉरिक यांच्यासारख्यांना फॉर्म्युला वनमध्ये एकही शर्यत जिंकता आली नव्हती. ही बाब लक्षणीय आहे. मंडळाला हवी होती ती कीर्ती नव्हे, तर जाण. आणि जाण ही विजयांच्या संख्येवर अवलंबून नसते.

३. हंगेरी २०१० : अनुभवाचे सामर्थ्य

या व्यवस्थेच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण म्हणून हंगेरीतील निवाड्याकडे पाहता येते. शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात दहाव्या स्थानासाठी रुबेन्स बॅरिकेलो हे मायकेल शूमाकर यांना ओलांडू पाहत होते. सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात, शूमाकर यांनी त्यांना पिटच्या भिंतीकडे इतके दाबले की गाडी आणि काँक्रीट यांच्यात नाममात्र अंतर उरले. बॅरिकेलो पुढे निघून गेले, कोणालाही इजा झाली नाही. केवळ परिणाम पाहणाऱ्याला यात शिक्षा करण्याजोगे फारसे काही दिसले नसते. ज्याला त्रास दिला त्यानेच अखेर स्थान मिळविले होते.

मंडळाने मात्र शूमाकर यांना पुढील बेल्जियम शर्यतीत दहा स्थाने मागून सुरुवात करण्याची शिक्षा दिली. चालक-पंच वॉरिक यांनी नंतर सांगितले की, मंडळाला काळा झेंडा दाखवून शूमाकर यांना शर्यतीतूनच बाहेर काढायचे होते, परंतु तेवढा अवधी उरला नव्हता. वॉरिक यांचे धाकटे बंधू पॉल १९९१ मध्ये इंग्लंडमधील ऑल्टन पार्क येथे शर्यतीतच मृत्युमुखी पडले होते. त्या दुःखाचा या निवाड्याशी संबंध जोडण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि तसा पुरावाही नाही. इतके मात्र म्हणता येते की, भिंत आणि चाक यांच्यामधील अंतराचा अर्थ अशा माणसाला समजावून सांगावा लागत नाही. काय घडले यापेक्षा काय घडू शकले असते, याचे मोजमाप येथे न्यायाचा विषय होते. आणि ते मोजमाप अनुभवाशिवाय अवघड आहे.

४. मोनॅको २०१० : अनुभवाचे ओझे

त्याच वर्षी मोनॅको येथे अनुभवाची दुसरी बाजू दिसून आली. सेफ्टी कार अखेरच्या फेरीच्या शेवटी पिटमध्ये गेली. मार्ग मोकळा असल्याचा संदेश व हिरवे झेंडे पाहून शूमाकर यांनी शेवटच्या वळणांवर फर्नांडो अलोन्सो यांना मागे टाकून सहावे स्थान घेतले. नियमावलीतील एका कलमानुसार सेफ्टी कार असताना शर्यत संपत असेल तर गाड्यांनी एकमेकींना न ओलांडता अंतिम रेषा पार करावयाची होती. मंडळाने हे कलम लागू करून वीस सेकंदांचा दंड दिला आणि शूमाकर बाराव्या स्थानावर घसरले. हिरवे झेंडे एक सांगत होते, कलम दुसरेच सांगत होते. पुढे एफआयएने या नियमातील संदिग्धता मान्य करून त्याची शब्दरचना सुधारण्याची दिशा धरली.

हा प्रश्न वस्तुतः शब्दार्थाचा होता. परंतु त्या दिवशीचे चालक-पंच होते डेमन हिल. आणि १९९४ मध्ये ॲडलेड येथे शूमाकर यांच्याशी झालेल्या धडकेनंतर हिल यांचे विश्वविजेतेपद एका गुणाने हुकले होते. त्या वेळी स्ट्युअर्डांनी कोणावरही कारवाई केली नव्हती. सोळा वर्षांनी तेच हिल न्यायासनावर आणि तेच शूमाकर समोर, हे चित्र पाहून लोकांनी कलम वाचलेच नाही. त्यांनी जुना हिशेब वाचला. हिल यांना संतप्त पत्रांचा मारा सोसावा लागला. वास्तविक निर्णय चौघांच्या मंडळाचा होता आणि हिल यांचे मत त्यांतील एक होते.

येथे व्यवस्थेचा पहिला दोष दिसतो. चालक-पंच हा मंडळातील एक सदस्य असला तरी लोकांच्या दृष्टीने तोच मंडळाचा चेहरा ठरतो. उरलेले तिघे अनामिक राहतात. सामूहिक निर्णयाचे व्यक्तीकरण होते आणि ज्याचे नाव मोठे, त्याच्यावर हेतूंचे आरोप होतात. हिल यांनी पक्षपात केला असे म्हणण्यास आधार नाही. तथापि अशा प्रसंगी त्यांनी बाजूला व्हावे की नाही, याचा निर्णय त्यांच्या विवेकावर सोपविणे ही व्यवस्थेने स्वतःची जबाबदारी टाळणे होय. संघाशी असलेला व्यावसायिक संबंध ओळखणे सोपे असते; जुने वैर आणि जुनी मैत्री नियमात पकडणे कठीण. चालकांचे जग मात्र लहान असते, आणि त्यात वैर व मैत्री यांखेरीज तिसरे नाते क्वचितच आढळते.

५. कॅनडा २०१९ : मत कोणते, पुरावा कोणता?

सैद्धान्तिक दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचे प्रकरण मॉन्ट्रियल येथील आहे. आघाडीवर असलेले सेबास्टियन फेटेल ४८ व्या फेरीत गवतावर गेले आणि परत रस्त्यावर येताना त्यांची गाडी उजवीकडील भिंतीच्या दिशेने सरकली. मागून आलेल्या हॅमिल्टन यांना ब्रेक दाबावा लागला. मंडळाने ही असुरक्षित पुनरागमनाची कृती मानून पाच सेकंदांचा दंड दिला. फेटेल यांनी अंतिम रेषा प्रथम पार केली, विजय मात्र हॅमिल्टन यांना मिळाला. शर्यतीनंतर फेटेल यांनी दोन्ही गाड्यांसमोरील क्रमांकांच्या पाट्यांची अदलाबदल केली, ते दृश्य जगभर पोहोचले.

अनेक माजी चालकांनी दूरचित्रवाणीवरून या दंडाविरुद्ध मत दिले. घसरगुंडीवरून परतणारी गाडी हवी तशी वळविता येत नाही, फेटेल यांच्यापुढे पर्यायच नव्हता, हे त्यांचे म्हणणे होते. मंडळातही एक माजी चालक होते. ल माँ येथील २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकणारे एमान्युएले पिरो यांना घसरणारी गाडी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, असे कोणीही म्हणू शकणार नाही. म्हणजेच समान अनुभवातून परस्परविरोधी निष्कर्ष निघाले. ‘चालकालाच कळते’ हे गृहीतक येथे अपुरे ठरते. कारण चालकांचे आपसात एकमत नसते.

पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. फेरारी संघाने फेरविचाराची मागणी करताना सादर केलेल्या सामग्रीत चेन्नईचे माजी फॉर्म्युला वन चालक करुण चंडोक यांनी स्काय वाहिनीसाठी केलेले चित्रफितीचे विश्लेषण होते. मंडळाने ते नवीन असल्याचे मान्य केले, परंतु महत्त्वाचे व संबद्ध मानले नाही. कारण ते त्रयस्थाचे वैयक्तिक मत होते. फेरविचाराच्या नियमांच्या चौकटीत हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. कोणाही समालोचकाच्या मताने निकाल उलटू लागले तर निकालाला अंतच उरणार नाही.

तरीही या निर्णयाने एक प्रश्न मोकळा सोडला. मंडळाबाहेरील माजी चालकाचे विवेचन जर वैयक्तिक मत असेल, तर मंडळातील माजी चालकाचे विवेचन त्याहून वेगळे कशामुळे ठरते? केवळ नियुक्तीपत्रामुळे ते वेगळे ठरत असेल, तर अनुभवाचा युक्तिवादच निकालात निघतो आणि शिल्लक राहतो तो केवळ अधिकार. ते खरोखर वेगळे ठरावयाचे असेल तर एकच मार्ग आहे : ते विवेचन सुकाणूच्या हालचाली, ब्रेक, गती व दोन गाड्यांतील अंतर यांच्या नोंदींशी ताडून, कारणांसह लिहिलेले असावे, म्हणजे त्याचे खंडन करण्याची संधी दुसऱ्याला मिळेल. चंडोक यांचे विश्लेषण निदान सर्वांना पाहता येत होते. मंडळाच्या दालनात चालक-पंचाने नेमके काय सांगितले, हे मात्र दंडपत्रकाच्या मोजक्या ओळींतून कळत नाही.

६. क्रिकेटमधील समांतर अनुभव :

हा पेच मराठी वाचकाला अपरिचित नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथ कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा केल्या. त्यांत सचिन तेंडुलकर यांच्यावर चेंडूच्या स्थितीबाबतच्या आरोपावरून दंड व निलंबित स्वरूपाची एका सामन्याची बंदी होती. डेनेस हे इंग्लंडचे माजी कर्णधार. खेळाची जाण त्यांना निश्चितच होती. भारतात क्षोभ उसळला तो मुख्यतः शिक्षेच्या स्वरूपामुळे, आणि निर्णयाचा खुलासा न झाल्यामुळे तो अधिक वाढला. पत्रकार परिषदेत डेनेस उपस्थित होते, पण नियमानुसार त्यांना बोलता येत नव्हते. उत्तरेच द्यायची नसतील तर ते येथे बसले आहेत कशाला, असा रवी शास्त्री यांचा सवाल तेव्हा गाजला. दोन्ही देशांच्या मंडळांनी सेंच्युरियन येथील पुढच्या सामन्यासाठी दुसरा अधिकारी नेमला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या सामन्याचा कसोटी दर्जा काढून घेतला.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. माजी खेळाडूची प्रतिष्ठा निर्णयाला संरक्षण देत नाही. कारणे दिली गेली तरच निर्णय टिकतो. क्रिकेटने पुढे २००२ मध्ये पंच व सामनाधिकारी यांची पूर्णवेळ करारबद्ध पथके उभारली. फॉर्म्युला वनचे स्ट्युअर्ड मात्र दीर्घकाळ प्रवास व निवासाच्या खर्चापलीकडे वेतन न घेता काम करीत आले. अब्जावधींची उलाढाल असलेल्या खेळात न्यायदान हौशी राहिले, ही विसंगती चालकांच्या संघटनेतील जॉर्ज रसेल यांच्यासारख्यांनी वेळोवेळी दाखवून दिली आहे.

७. वाणी आणि मौन : २०२४-२५

मानधनाचा हा प्रश्न केवळ पैशाचा नाही, हे २०२५ मध्ये उघड झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेक्सिको येथे लँडो नॉरिस यांच्याशी झालेल्या दोन झटापटींबद्दल मॅक्स व्हर्स्टॅपन यांना दहा-दहा सेकंदांचे दोन दंड झाले. जॉनी हर्बर्ट त्या मंडळात होते. मॅक्स यांचे वडील आणि स्वतः माजी फॉर्म्युला वन चालक असलेले जोस व्हर्स्टॅपन यांनी पंचांच्या नेमणुकीविषयी जाहीर शंका व्यक्त केली. हर्बर्ट माध्यमांतूनही चालकांविषयी मते मांडत असत. जानेवारी २०२५ मध्ये एफआयएने स्ट्युअर्ड आणि माध्यम-भाष्यकार या दोन भूमिका परस्परविसंगत असल्याचे सांगून त्यांची सेवा थांबविली. जून २०२५ मध्ये, स्पेन येथे रसेल यांच्याशी झालेल्या धडकेबद्दल व्हर्स्टॅपन यांना दंड झाल्यानंतर, डेरेक वॉरिक यांनी माध्यमांत अनधिकृत वक्तव्ये केल्यामुळे त्यांना कॅनडाच्या शर्यतीतून निलंबित करण्यात आले. त्यांच्या जागी एन्रिके बर्नोल्डी यांनी जिनिव्हा येथील केंद्रातून काम पाहिले. वॉरिक यांनी नंतर चूक मान्य केली.

एफआयएची भूमिका तत्त्वतः बरोबर आहे. सकाळी निवाडा करणाऱ्याने सायंकाळी त्याच चालकावर भाष्य करू नये, हे सांगण्यासाठी कायद्याचा ग्रंथ उघडावा लागत नाही. परंतु ज्याला पंचाच्या कामाचे मोल दिले जात नाही, त्याने उपजीविकेच्या दुसऱ्या साधनावरही पाणी सोडावे, ही अपेक्षा न्याय्य कशी ठरते? निवृत्त चालकाची बाजारातील किंमत त्याच्या मतांत असते. ती मते विनामूल्य मागणारी व्यवस्था त्याला त्या मतांच्या विक्रीकडे ढकलते आणि मग विक्रीबद्दल शिक्षा करते.

दुसरे असे की, मौनाचा नियम व्यक्तीला लागू झाला, पण संस्थेने बोलण्याची जबाबदारी त्याच प्रमाणात उचलली नाही. पंच बोलणार नसेल तर निकालपत्राने बोलले पाहिजे. दोघेही गप्प राहिले तर ती पोकळी अफवा भरून काढतात.

८. मार्गदर्शक तत्त्वे आणि चालक-पंचाचे बदलते स्थान :

या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल जून २०२५ मध्ये पडले. चालकांच्या वर्तनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आणि दंडाची कोष्टके एफआयएने जाहीर केली. तोवर ती संघ व चालक यांच्यापुरती मर्यादित होती. आतल्या बाजूने ओलांडणाऱ्या गाडीचा पुढचा आस वळणाच्या टोकाशी दुसऱ्या गाडीच्या आरशापर्यंत पोहोचलेला असावा, बाहेरून ओलांडणाऱ्याचा आस समोरच्याच्या पुढे असावा, गाडी सुरक्षित व नियंत्रित रीतीने चालविलेली असावी, अशा अटी त्यांत आहेत.

लेखी निकषांचा धोका २०२४ मध्येच दिसला होता. वळणाच्या टोकाशी प्रथम पोहोचणाऱ्याचा हक्क मोठा, असे मानले जाऊ लागताच, ब्रेक उशिरा दाबून टोक गाठायचे आणि मग दोन्ही गाड्या रस्त्याबाहेर गेल्या तरी हक्क सांगायचा, अशी चालण्याची रीत शक्य झाली. ऑस्टिन येथे बाहेरून ओलांडणाऱ्या नॉरिस यांनाच पाच सेकंदांचा दंड झाला आणि त्यांचे तिसरे स्थान गेले, तेव्हा हीच टीका झाली. अक्षर पाळले गेले, आशय हरवला.

नेमक्या याच ठिकाणी माजी चालकाचे खरे स्थान निश्चित होते. आस आरशापर्यंत पोहोचला होता काय, हे चित्रफीत सांगू शकते. त्यासाठी जगज्जेत्याची गरज नाही. परंतु गाडी नियंत्रणात होती काय, चालकाने वळण पूर्ण करण्याच्या हेतूने ब्रेक दाबला की केवळ टोक गाठण्यासाठी, या प्रश्नांची उत्तरे अनुभवाशिवाय मिळत नाहीत. नियमाने प्रश्न विचारावा आणि अनुभवाने उत्तर द्यावे, अशी ही विभागणी होय. २०१० मध्ये अनुभवाकडे प्रश्न व उत्तर दोन्ही सोपविले गेले होते. म्हणून निकालापेक्षा निकाल देणाऱ्याची चर्चा अधिक झाली.

९. निष्कर्ष :

१) माजी चालकाचा समावेश ही योग्य सुधारणा होती. हंगेरी २०१० सारख्या प्रकरणात न घडलेल्या अपघाताचे गांभीर्य ओळखण्यास अशा जाणकारीचे मोल मोठे आहे.

२) अनुभव हा निःपक्षपातीपणाचा पर्याय नाही. मोनॅको २०१० मध्ये निर्णय कलमाला धरून असूनही तो संशयात सापडला. पूर्वसंबंध असलेल्या प्रकरणातून पंचाने केव्हा बाजूला व्हावे, हे व्यक्तीच्या विवेकावर न सोडता नियमाने ठरविणे आवश्यक आहे.

३) समान अनुभवाची माणसे विरुद्ध निष्कर्ष काढतात, हे कॅनडा २०१९ ने दाखविले. म्हणून चालक-पंचाचे मत तांत्रिक नोंदींसह, आणि मंडळात मतभेद असल्यास तोही नमूद करून, निकालपत्रात यावयास हवे.

४) पंचाकडून मौनाची अपेक्षा करावयाची असेल तर त्या मौनाचे मोल संस्थेने दिले पाहिजे. वेतनाशिवाय बंधन आणि खुलाशाशिवाय मौन, या दोन्ही गोष्टी न्यायासनाची प्रतिष्ठा कमी करतात.

शर्यतचालकाने हेल्मेट उतरवून न्यायासनावर बसणे ही या खेळाने स्वतःच्या ज्ञानाला दिलेली मान्यता आहे. ते ज्ञान अद्याप बहुतांशी बंद दालनात बोलले जाते. ते कागदावर उतरेल तेव्हा चालक-पंचाला आपल्या जुन्या कीर्तीच्या किंवा जुन्या वैराच्या छायेत निवाडा करावा लागणार नाही, आणि शिक्षा झालेल्या चालकालाही आपण नेमके कोठे चुकलो हे वाचता येईल.